बजाज फ्रीडम १२५: गाडी बघायच्या आधी पंप बघा

सीएनजीवर चालणारी मोटरसायकल घेऊन मला वर्ष उलटून गेलं. गल्लीत, सोसायटीच्या गेटवर, गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात, जाईन तिथं एकच प्रश्न येतो, "परवडते का हो?" परवडते. पण कुणाला परवडते हे उभ्या उभ्या सांगता येत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

माझं काम वॉटर प्युरिफायर दुरुस्तीचं. धायरीत भाड्यानं राहतो. वडगाव, वारजे, कर्वेनगर, कोथरूड हा माझा रोजचा भाग; मधूनच बाणेर नाहीतर कात्रजच्या पलीकडचा कॉल येतो. दिवसाला साठ किलोमीटर कुठंच गेले नाहीत. कंपनी कॉलमागं ठरलेली रक्कम देते आणि जायचा-यायचा खर्च त्यातच धरलाय असं सांगते. हा दर ठरला तेव्हा पुण्यात पेट्रोल ऐंशीच्या आसपास होतं. त्यानंतर पेट्रोल कुठं गेलं ते सगळ्यांना माहीत आहे, कॉलचा दर मात्र जागेवर बसलाय. मेम्ब्रेन बदलून, टीडीएस मीटर दाखवून, पावती फाडून झाल्यावर हातात जे उरतं त्यातला मोठा तुकडा पंपावर जायचा. माझी जुनी सव्वाशे सीसीची गाडी शहरात लिटरला पंचेचाळीस द्यायची, तीही मूड असेल तर.

पेट्रोल एवढं का महागलं यावर गिऱ्हाइकांकडं चहा पिताना मी भरपूर व्याख्यानं ऐकलीत. कोथरूडमधले एक निवृत्त काका तर फिल्टर उघडला की वर्तमानपत्राची कात्रणं घेऊनच बसतात. कुणी म्हणतं अरबांनी भाव चढवले, कुणी म्हणतं युद्ध, कुणी म्हणतं सरकार लुटतंय. काकांनी एकदा कागदावर मांडून दाखवलं आणि तो हिशोब माझ्या डोक्यात पक्का बसला. मे २०१४ मध्ये कच्चं तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर होतं, डॉलर साठ रुपयांच्या आत-बाहेर आणि मुंबईत पेट्रोल ऐंशी रुपये. २०२५ मध्ये कच्चं तेल बराच काळ साठ-सत्तर डॉलरच्या पट्ट्यात राहिलं, डॉलर पंच्याऐंशीच्या पुढं गेला आणि पेट्रोल एकशे तीन-चार. एका पिंपात १५९ लिटर बसतं. भागाकार करा. २०१४ मध्ये लिटरभर कच्चं तेल चाळीस रुपयांच्या आसपास पडत होतं, २०२५ मध्ये पस्तीस-अडतीसला पडत होतं. म्हणजे रुपया एवढा घसरूनही कच्चा माल महागलेला नव्हता. शुद्ध करणं, वाहतूक, पंपवाल्याचं कमिशन हे वाढलं असेल थोडंफार, पण वीस-पंचवीस रुपयांचा फरक त्यातून निघत नाही.

तो निघतो करातून. २०१४ मध्ये केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरला ९ रुपये ४८ पैसे होतं. मे २०२० मध्ये, जगात तेलाचा भाव पार तळाला गेला होता तेव्हा, ते ३२ रुपये ९८ पैशांवर नेलं. तेव्हा लॉकडाऊन होता, गाड्या दारात उभ्या होत्या, कुणाला फारसं जाणवलं नाही. पुढं नोव्हेंबर २०२१ मध्ये ५ रुपये आणि मे २०२२ मध्ये ८ रुपये कमी झाले, एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा २ रुपये वाढले. राज्याचा व्हॅट वेगळा. पुण्यात तो २५ टक्के आणि वर लिटरमागं ५ रुपये १२ पैसे. हे वरचे पैसे आधी १० रुपये १२ पैसे होते, जुलै २०२२ मध्ये निम्मे झाले. त्यातही हे २५ टक्के नुसत्या तेलावर लागत नाहीत, केंद्राचा कर मिळवून जी रक्कम होते तिच्यावर लागतात. करावर कर. २०२५ च्या भावानं सगळं मिळून एकशेचार रुपयांतले पंचेचाळीस-सेहेचाळीस रुपये दोन सरकारांचे होते. पेट्रोल जीएसटीत आणायची चर्चा २०१७ पासून ऐकतोय. ते होणार नाही, कारण दोघांनाही हे पैसे सोडवत नाहीत.

आणि तो 'रोज बदलणारा दर'! १६ जून २०१७ पासून पेट्रोलचा भाव रोज बाजाराप्रमाणं बदलतो, असा नियम आहे. कागदावर. नोव्हेंबर २०२१ नंतर पाच राज्यांच्या निवडणुका होईपर्यंत तो हलला नाही. निकाल लागले, आणि २२ मार्च २०२२ पासून बहुतेक रोज ऐंशी-ऐंशी पैसे करत दोन आठवड्यांत दहा रुपये चढला. मला ते दिवस आठवतात, रोज सकाळी पंपाचा बोर्ड बघून मग कॉल घ्यायचा की नाही ते ठरवायचो. नंतर पुन्हा जैसे थे. रशियाचं स्वस्त तेल आलं, भाव पडले, तरी पंपावरचा आकडा तिथंच. मधल्या काळात तिन्ही सरकारी तेल कंपन्यांनी २०२३-२४ या एका वर्षात मिळून ८० हजार कोटींच्या वर नफा कमावला. त्याआधीच्या वर्षी महाग तेल घेऊन तोटा सोसला होता, तो भरून काढला, असं त्यांचं म्हणणं. असेलही. मार्च २०२४ मध्ये लोकसभेच्या तोंडावर दोन रुपये कमी केले, त्यात मला महिन्याला वडापावच्या काही प्लेटा सुटल्या.

माझी सासुरवाड परभणीची. तिथल्या लोकांपुढं पुणेकरानं पेट्रोलचं रडगाणं गाऊ नये. राज्यात सगळ्यात महाग पेट्रोल म्हणून परभणीचं नाव वर्षानुवर्षं पेपरात येतं, कारण तिथं टँकर मनमाडच्या डेपोतून येतो, तीनशेच्या आसपास किलोमीटर तुडवत. आमच्या लोणी काळभोरला डेपो शेजारीच आहेत, त्यामुळं आपल्याला ते भाडं लागत नाही. मेहुणा फोनवर नेहमी विचारतो, "पुण्यात स्वस्ताई कशी काय आहे, दाजी?"

त्यात आता इथेनॉल. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं आणि माझ्या जुन्या गाडीचं ॲव्हरेज आणखी उतरलं. हा निव्वळ संशय नव्हे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, आणि नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या दुचाकींचं ॲव्हरेज तीन-चार टक्के घटेल असं लिहिलंय. ॲव्हरेज घटलं, लिटरचा भाव घटला नाही. माझा चुलतभाऊ फलटणकडं ऊस लावतो. त्याच्यापुढं हे बोललो तर म्हणाला, "कारखान्याला इथेनॉलचे पैसे मिळतात म्हणून आमचं बिल वेळेवर येतं. तुमच्या ॲव्हरेजचं तुम्ही बघा." त्याच्या जागी मीही हेच म्हणालो असतो.

तर गाडी बदलायची हे ठरलं. बदलून काय घ्यायचं?

बस आणि मेट्रो माझ्या कामाची नाही. पाठीवर टूलबॅग, हातात दोन फिल्टरची खोकी आणि दिवसात चार टोकांचे चार पत्ते; त्यात पीएमपीची वाट बघत बसलो तर संध्याकाळपर्यंत दोनच कॉल होतील. ज्यांचं ऑफिस एका जागी आहे त्यांनी मात्र वनाज-रामवाडी मेट्रो असताना गाडी का काढावी हे मला कळत नाही.

बॅटरीची स्कूटर हा खरा पर्याय होता आणि आजही आहे. किलोमीटरला विजेचे तीस-चाळीस पैसे, ऑइल बदलायचं नाही, क्लच नाही. माझी अडचण घराची. दुसरा मजला, खाली पार्किंग म्हणजे रस्ता, मीटर मालकांच्या नावावर. मालकांना विचारलं तर ते म्हणाले, "आज तुला दिलं तर उद्या पाचही भाडेकरू वायर सोडतील." बरोबर आहे त्यांचं. बॅटरी काढून वर न्यायची म्हटलं तर त्या जातीच्या गाड्यांची रेंज माझ्या दिवसाला जेमतेम पुरते, आणि सिंहगड रोडला चार्जिंगला तास-दीड तास उभं राहायचं तर कॉल कोण करणार? तुमच्याकडं स्वतःचं पार्किंग आणि तिथं एक सॉकेट असेल तर हे पुढचं वाचायचीही गरज नाही. बॅटरीची घ्या.

राहिली फ्रीडम. जगातली पहिली सीएनजी मोटरसायकल म्हणून ५ जुलै २०२४ ला पुण्यातच तिचा गाजावाजा झाला, नितीन गडकरी आले होते. किंमत तेव्हा ९५ हजारांपासून सुरू होती. मी मधलं मॉडेल घेतलं, एलईडी दिव्याचं, ड्रम ब्रेकचं. रस्त्यावर येईपर्यंत सव्वा लाखाच्या आसपास गेली. नंतर सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, आता घेणाऱ्यांचं नशीब चांगलं.

गाडीची रचना साधी आणि हुशार आहे. सीटखाली जाळीसारख्या फ्रेममध्ये सिलिंडर बसवलाय, तो २ किलो गॅस घेतो. पुढं नेहमीच्या जागी टाकी, पण तीत पेट्रोल फक्त २ लिटर. डाव्या हाताशी बटण आहे, चालत्या गाडीत गॅसवरून पेट्रोलवर जाता येतं. बदलताना कळतही नाही. गॅस आणि पेट्रोल दोन्हींचं तोंड एकाच झाकणाखाली. सिलिंडरच्या लांबीमुळं सीट भलतं लांब झालंय, आणि माझ्यासाठी ही गाडीची सगळ्यात मोठी सोय ठरली. मागं बायको बसली तरी मधे टूलबॅग राहते. एकटा असलो तर खोक्यांची चळत बांधून नेतो. आरओचं अख्खं मशीन मागं बांधून वारज्याच्या चढावरून नेलंय, काही वाटलं नाही.

बायकोनं पहिल्यांदा बघितली तेव्हा म्हणाली, "अहो, सिलिंडरवर बसून जायचं?" कंपनीनं गाडी ट्रकखाली घालून सिलिंडर तपासल्याचा व्हिडिओ दाखवला. तो बघून तिची भीती गेली नाही. गेली ती शेजारच्या रिक्षावाल्या मामांमुळं. ते म्हणाले, "वैनी, मी एवढी वर्षं त्याच्यावरच बसतोय की." 

उंची मात्र बघून घ्या. सीट ८२५ मिलिमीटरवर आहे. मी पाच फूट चार. सिग्नलला एक पाय पूर्ण टेकतो, दुसऱ्याची बोटं. नव्या माणसाला पहिले काही दिवस हे खटकणारच. वजन दीडशे किलोला टेकतं, सिलिंडरचंच रिकामं वजन १६ किलो. आमच्या गल्लीला उतार आहे, तिथून ती मागं ओढून काढणं म्हणजे सकाळचा व्यायाम. घरात कमी उंचीचं माणूस किंवा कॉलेजची मुलगी चालवणार असेल तर शोरूममध्ये बसवून, उभी करून, ढकलून बघा. फोटो बघून बुक करू नका.

चालवायला कशी? सव्वाशे सीसीची कामाची गाडी आहे, त्यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नये. गॅसवर पिकअप पेट्रोलपेक्षा थोडा मवाळ. शहरात फरक पडत नाही, पण कात्रजच्या घाटात डबलसीट असेन तर मी खालचा गिअर लवकर टाकतो, किंवा सरळ पेट्रोलवर घेतो. बाकी बसायला ऐसपैस, मागचा शॉक मऊ, पाठ दुखत नाही. खड्ड्यांच्या शहरात एवढं पुरे.

कंपनी किलोला १०२ किलोमीटर म्हणते. मला शहरात, सामान लादून, ऐंशी ते नव्वदच्या मधे मिळतात. पंच्याऐंशी धरून चाला. दोन्ही टाक्या मिळून ३३० किलोमीटरचा जो आकडा जाहिरातीत असतो तो मोकळ्या रस्त्याचा, आणि सिलिंडर काठोकाठ भरला तरचा. तो काठोकाठ भरतो कधी, हीच या सगळ्या प्रकरणाची मेख आहे.

पेट्रोल म्हणजे झाकण उघडलं, ओतलं, निघालो. गॅस तसा नसतो. दोनशे बारच्या आसपास दाबानं तो सिलिंडरमध्ये कोंबावा लागतो. पंपावर दाब उतरला की मशीन आपणहून थांबतं, तुमच्या सिलिंडरमध्ये जागा असो वा नसो. ज्या पंपाला थेट पाइपलाइन आहे, ज्याला रिक्षावाले 'ऑनलाइन' म्हणतात, तिथं प्रेशर बरं मिळतं. जिथं सिलिंडरच्या चळतीनं भरलेल्या गाडीतून गॅस येतो तिथं ती गाडी रिकामी होत आली की प्रेशर पडतं, आणि दुसरी गाडी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली असते.

संध्याकाळी सातचा देखावा सांगतो. पंपाच्या आतून सुरू झालेली रिक्षांची रांग गेटबाहेर, तिथून बसथांब्यापर्यंत. मधे मधे टॅक्सीच्या कार. मी हेल्मेट काढून रांगेत उभा. पुढच्या रिक्षावाल्यानं आरशात बघितलं, मान वळवून माझ्या गाडीकडं बघितलं आणि म्हणाला, "दादा, तुझं किलो-दीड किलोचं काम, हो पुढं." त्याच्या पुढच्यानंही हात केला. असं तीन रिक्षा ओलांडून गेलो आणि एका कारवाल्यानं काच खाली करून विचारलं, "लाइन दिसत नाही का?" मग तिथंच उभा राहिलो. रिक्षावाल्यांचं मला नेहमी कौतुक वाटतं. ते रोज या रांगेत अर्धं आयुष्य घालवतात म्हणून की काय, दुसऱ्याची घाई त्यांना कळते. नंबर आला. पोरानं गाडीवरून उतरायला लावलं, झाकण उघडलं, नोझल बसवलं, सुईंऽऽ आवाज सुरू झाला आणि लगेच मंदावला. काटा रेंगाळला, थांबला. एक पूर्णांक तीन किलो. "फुल कर ना भाऊ." "प्रेशर नाहीये दादा, एवढंच घेतंय." अर्धा-पाऊण तास रांगेत, आणि सिलिंडर दोन तृतीयांश.

एका पंपावर तर "टू-व्हीलरला गॅस नाही देत" असं सांगून परत पाठवलं. नियम विचारला तर उत्तर नाही. सिलिंडरची पाटी दाखवली, पुस्तक दाखवलं, तरी नाही. मीही वाद घातला नाही, तिकडं जाणं बंद केलं. सुरुवातीला दुचाकी बघून सगळीकडंच पोरं गोंधळायची, नोझल नेमका कुठं लावायचा म्हणून. आता सरावलीत.

माझा तोडगा वेळेचा आहे. पहाटे सहाच्या आत, किंवा रात्री दहानंतर. तेव्हा प्रेशर असतं, रांग नसते, पावणेदोन किलोपर्यंत गॅस बसतो. एवढ्यात माझे दोन दिवस, कधी थोडे जास्तच निघतात. मधेच संपला तर ते दोन लिटर पेट्रोल कामी येतं. ते संपवायचं नाही, फक्त अडचणीला वापरायचं, हे पहिल्या महिन्यातच अंगवळणी पडतं. नऊ ते सहा ऑफिस करून जाता-येता गॅस भरू म्हणणाऱ्या माणसाला हे जमेल असं मला वाटत नाही.

आता पैशाचं. जुनी गाडी पंचेचाळीस द्यायची, २०२५ मध्ये पेट्रोल एकशेचार होतं, म्हणजे किलोमीटरला २ रुपये ३० पैसे. फ्रीडम पंच्याऐंशी देते, गॅस तेव्हा नव्वदच्या आसपास होता, म्हणजे १ रुपया ६ पैसे. महिन्याला सोळाशे किलोमीटर धरले तर दोन हजारांच्या जवळपास वाचतात. हा आकडा ऐकून लोकांचे डोळे मोठे होतात. पण ही तुलना सोयीची आहे. जुन्या खटाऱ्याशी लावली तर कुठलीही नवी गाडी स्वस्तच दिसणार. नवी पेट्रोलची सव्वाशे सीसी घेतली असती तर तिनंही लिटरला साठ दिले असते, म्हणजे किलोमीटरला १ रुपया ७३ पैसे. तेव्हा गॅसचा खरा फायदा किलोमीटरला पासष्ट-सत्तर पैसे, माझ्या धावपळीत महिन्याला हजार-अकराशे. आणि तशी पेट्रोलची गाडी मला फ्रीडमपेक्षा वीसेक हजारांनी स्वस्त मिळत होती. ते वसूल व्हायला मला दीड वर्ष. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालवणाऱ्याला पाच वर्षं. शोरूममधला मुलगा पहिला हिशोब सांगतो, दुसरा सांगत नाही. त्याचा तो धंदा आहे.

शिवाय गॅस कायम स्वस्त राहील असं धरून बसू नका. १ एप्रिल २०२२ ला राज्यानं सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीनवर आणला. पुण्यात भाव बासष्टच्या आसपास आला, रिक्षावाल्यांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले. आणि त्याच दिवशी केंद्रानं देशातल्या गॅसचा दर एका युनिटला २.९० डॉलरवरून ६.१० डॉलर केला, दुपटीच्या वर. त्यात युक्रेनचं युद्ध, बाहेरचा गॅस आगीसारखा महाग. ऑगस्ट उजाडेपर्यंत पुण्यात सीएनजी एक्क्याण्णव रुपये! चार महिन्यांत. एप्रिल २०२३ मध्ये नवीन सूत्र आलं, गॅसचा दर कच्च्या तेलाच्या दराच्या दहा टक्के, वर कमाल मर्यादा. भाव जरा थंडावला. पण सूत्र बघा: गॅसही शेवटी कच्च्या तेलालाच बांधला. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शहरांना मिळणारा स्वस्त देशी गॅस कमी केला, कंपन्यांना महागडा आणावा लागला, भाव पुन्हा सरकला. आपल्याला लागणारा जवळजवळ निम्मा गॅस बाहेरूनच येतो. पेट्रोलच्या वाढीपासून पळून मी गॅसकडं आलो खरा, पण मालक तेच आहेत. आज गॅसवर व्हॅट तीन टक्के आहे म्हणून तो स्वस्त आहे. उद्या अर्ध्या दुचाक्या गॅसवर आल्या आणि पेट्रोलचे पंचेचाळीस रुपये तिजोरीत यायचे कमी झाले, तर तीन टक्के तीनच राहतील का? मला तरी खात्री नाही.

तरीही मी ही गाडी विकणार नाही. माझं दिवसाचं अंतर मोठं आहे, कामाच्या वेळा माझ्या हातात आहेत, घराजवळ ऑनलाइन पंप आहे आणि चार्जिंगला जागा नाही. या चारही गोष्टी ज्याच्या बाबतीत जुळतात त्यानं डोळे मिटून घ्यावी: डिलिव्हरीवाले, केबलवाले, पेपरवाले, माझ्यासारखे दुरुस्तीवाले, मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. नोकरदारानं, कमी फिरणाऱ्यानं, आणि ज्या तालुक्यात सीएनजीचा एकच पंप आहे तिथल्या माणसानं तूर्त थांबावं. मेहुण्याला मी घेऊ नको म्हणून सांगितलंय. परभणीचं पेट्रोल कितीही महाग असलं तरी.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबाची तपासणी करावी लागते, हायड्रो टेस्ट. तिचा खर्च हिशोबात धरा, आणि सिलिंडरवरची तारीख घेतानाच मोबाइलमध्ये टिपून ठेवा. दुसरं, जुन्या बाजारात या गाडीला काय भाव येईल हे आत्ता कुणीच सांगू शकत नाही, त्यामुळं पाच-सहा वर्षं वापरायची तयारी असेल तरच पडा यात.

आणि बुकिंगचे पैसे भरायच्या आधी एक संध्याकाळ काढा. तुमच्या रोजच्या वाटेवरच्या सीएनजी पंपावर सातच्या सुमाराला जा, रांग कुठपर्यंत आहे ते बघा, रिक्षावाल्यांना प्रेशर कसं असतं ते विचारा, आणि नोझल हातात असलेल्या पोराला सरळ विचारा, "भाऊ, टू-व्हीलरला गॅस देता का?"